योसेफाचं पद आणायला ब्राह्मणपुरीला

शुक्रवारी निघू नकोस, असं मी फ्लोरामावशीला दहादा सांगितलं. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागतो. मग मावशी प्रवास करत नाही, यंत्राला हात लावू देत नाही. पण ब्राह्मणपुरीहून लोटनआबांच्या सुनेचा फोन आला होता. शनिवारी पहाटेच आबांना घशाच्या ऑपरेशनला सुरतला नेणार. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

माझे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, मुंबईच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. सुटीला चाळीत आमचं ज्यू कीर्तन करायचे, मराठीतूनच. योसेफाला त्याचे भाऊ विकतात ती कथा ऐकायला सगळी चाळ जिन्यापर्यंत बसायची. तबल्यावर खानदेशातून आलेले, कोवळ्या वयाचे लोटनआबा. त्यातल्या एका पदाचे शब्द आमच्याकडे आहेत, चाल हरवली. ती ठाऊक असलेले आता आबाच.

सुरतहून एसटी धरली, ही चूक. तुम्ही थेट नंदुरबारची रेल्वे घ्या. विसरवाडीला ट्रक आडवा झालेला, दोन्हीकडे रांगा. मावशीने पुढ्यातल्या भज्यांना हातही लावला नाही. नुसती उन्हाकडे बघत होती. नंदुरबारहून जीप केली. प्रकाशाच्या पुलावर तापी तांबूस दिसायला लागली तेव्हा ती पुटपुटली, "पोचतो का गं?"

पोचलो. चपला न काढताच तिने आबांच्या ओट्यावर शब्बाथचा तेलाचा दिवा लावला. पाठोपाठ सूर्य बुडाला.

मी मोबाईल काढला. "ठेव तो," मावशी म्हणाली.

"मावशी, उद्या हा आवाज नसेल!"

"म्हणून शब्बाथ मोडू?"

आबा खाटेवरून बघत होते. नव्वदीला टेकलेले, गळ्याला मफलर. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पोरी. तिना बापनी बी कागद नही दिना मले. कानमा भरी लिन्हं मी. ये बेन, जोडे बठ." मावशी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

ते गायले. घोगरं, तुटक. मावशी मागून म्हणायची, ते मान हलवायचे, "नही. फिरी म्हन." मग ती पुन्हा म्हणायची. शेवटच्या ओळीवर त्यांना खोकल्याची उबळ आली आणि सून त्यांना थांबवायला पुढे झाली, "बस, आते बस!" ओळ राहिली.

पहाटे आबांना घेऊन गाडी गेली. शनिवारभर आम्ही तिथेच. सुनेच्या जावेने भाकरी नि तुरीची डाळ वाढली. मावशी घास हातात धरून गुणगुणत होती. विसरण्याच्या भीतीने तिने माझ्याशी बोलणंच टाकलं होतं.

ठाण्याला परतल्यावर आठवड्याने सुनेला फोन लावला. आबा वाचले, आवाज गेला. मावशीने फोनवरच पद म्हटलं. शेवटची ओळ तिने अंदाजाने घेतली आणि थांबली.

पलीकडे कुजबुज. मग सून म्हणाली, "आबा हातनी खूण करी सांगी ऱ्हायनात, फिरी म्हन."

मावशीने डोळे पुसले आणि ओळ थोडी वर उचलली.