आमचं फाटक तेवढं वाजायचं

मामंजींना करकर सहन होत नसे. म्हणजे माणसांची होत असे, माझी तर चांगलीच होत असे. पण दाराची, फाटकाची, खुर्चीची नाही. बोलता बोलता कुठे बिजागरी वाजली की त्यांचं वाक्य तिथेच थांबायचं, मान तिकडे वळायची आणि हात खांद्यावरच्या पिशवीत जायचा. पिशवीत तेलाची कुपी असे. लांब चोचीची, पितळी, रेल्वेच्या कारखान्यात सगळी नोकरीभर हातात राहून गुळगुळीत झालेली. माझे सासरे तिथे फिटर होते. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मामंजींनी ते सगळं घेतलं आणि जाता जाता आपली कुपी मागून घेतली. शाल मी पुढे इस्त्रीच्या टेबलावर अंथरली, घड्याळ वर्षभरात बंद पडलं. कुपी अजून माझ्याकडे आहे.

आम्ही तेव्हा गुजरातेत, निजामपुऱ्यात राहत होतो. नव्या सोसायट्या उठत होत्या, प्रत्येक बंगलीला लोखंडी फाटक, आणि ती सगळी फाटकं एकजात बोंबलणारी. रिकाम्या माणसाला देवाने याहून चांगलं काम दिलं नसतं. सकाळी आठला अंघोळ, पूजा, पांढरा शर्ट, काळी टोपी, पिशवी, की मामंजी निघाले. बरोबर त्यांचे मित्र दिघे. दिघे कोर्टात कारकून होते आणि दोन्ही कानांनी पार गेलेले. करकर बंद करायच्या मोहिमेवर बहिऱ्या माणसाला का नेता, असं मी एकदा खोचकपणे विचारलं होतं. मामंजी म्हणाले, "त्याला ऐकू येत नाही, पण थरथर कळते. मी तेल घालतो, तो हात ठेवून सांगतो झालं का. माझे कान मला फसवतील, त्याचा तळहात नाही फसवत."

लोक त्यांना 'तेलवाळा काका' म्हणायचे. कुणी चहा द्यायचं, कुणी गाठिये. एकदा भर दुपारी एका बंगल्याच्या फाटकाशी दोघे खाली वाकलेले पाहून कुणीतरी पोलिसाला बोलावलं. दिघ्यांना प्रश्न ऐकू येईनात, मामंजी खालच्या बिजागरीतून मान वर काढीनात. शेवटी पोलिसाची सायकलच मध्ये करकरली. संध्याकाळी मामंजींनी आम्हाला सांगितलं, "भला माणूस. साखळीला जन्मात तेल नव्हतं." वाडीत एका लग्नाच्या वरातीत असंच झालं. बँडवाल्यांच्या दिव्यांची हातगाडी कुईकुई करत होती. यांनी वरात थांबवून चाकांना तेल दिलं आणि मुलीच्या बापाने दोघांना ओढून पंगतीला बसवलं. कोणाचं लग्न होतं, ते त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. श्रीखंड चांगलं होतं, एवढंच म्हणाले.

एकदाच त्यांची चूक झाली. आमच्या मागच्या ओळीत कांताबेन राहत. त्यांच्या ओसरीवर झोपाळा, म्हणजे तिथला हींचको, पितळी सळ्यांचा. त्याचे आकडे असे वाजायचे की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. मामंजींनी विचारल्याशिवाय तेल घातलं. चार दिवसांनी कांताबेन फाटकात उभ्या, झोपाळा मुका केला म्हणून. "काका, तमे मारो हींचको मूंगो करी नाख्यो." त्यांचे यजमान आतल्या खोलीत वर्षभर अंथरुणाला खिळलेले होते. झोपाळा वाजतोय म्हणजे बायको बाहेर बसलीय, एवढं त्यांना पुरे असायचं. आता ते दर पाच मिनिटांनी हाक मारत होते. मामंजींचा चेहरा पडला. त्यांनी रॉकेलने आकडे पुसून काढले आणि पंधरा दिवस रोज जाऊन विचारत राहिले, आला का आवाज. आला तेव्हा कांताबेननी ताटलीभर गरम हांडवो पाठवला. त्यानंतर मात्र कुणाच्याही दारात ते आधी विचारायचे, "वाजू द्यायचंय की गप्प करायचंय?" लोकांना वाटे, म्हातारा विनोद करतोय.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण या हकिगतीतलं सगळ्यात करकरणारं पात्र मीच आहे. मी बी.ए., बी.एड. माझे आजोबा संस्थानच्या काळात कचेरीत होते. त्यांचं पागोटं माहेरी काचेच्या कपाटात ठेवलेलं, आणि आम्ही मुली त्या कपाटासमोरून पदर सावरून जायचो. आजोबा त्या कचेरीत नेमकं काय करत, हे आजतागायत मला माहीत नाही. पण पागोट्याची ऐट मला पुरेपूर मिळाली होती. असली मी, आणि माझे सासरे लोकांच्या फाटकांना तेल घालत गावभर हिंडतात. शाळेतल्या बायकांना मी 'रेल्वेत अधिकारी होते' असं सांगायचे. कुपीला हुद्दा नसतो, म्हणून मी तो दिला.

त्यातून आमचं स्वतःचं फाटक. अख्ख्या सोसायटीतली फाटकं मुकी आणि आमचं उघडलं की तीन घरं पलीकडे कळावं. मी म्हणायचे, "मामंजी, जगाला तेल आणि आपल्या घराला नाही? लोक हसतात." ते म्हणायचे, "आपलं राहू दे." का, ते सांगायचे नाहीत. मी मनात म्हणायचे, फुकटचं काम बाहेर करतील, घरचं कशाला करतील.

सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या, आणि हे रिफायनरीत पाळीवर. दुपारी घरात मामंजी एकटेच. मी शाळेतून आले की चहा गॅसवर उकळत असायचा. चप्पल काढून पाय धुवेपर्यंत कप हातात. मला वाटायचं, मी घड्याळासारखी वेळेवर येते म्हणून त्यांना चहाचा अंदाज आहे. मी कधीही वेळेवर येत नसे. कधी साडेचार, कधी साडेपाच, कधी बसच नाही. चार वर्षं मी तो चहा प्यायले आणि हिशेब मांडला नाही. गणित मी आठवीपर्यंतच्या मुलींना शिकवत होते.

शाळेत मी हंगामी होते. कोणाला कायम करायचं ते ट्रस्टींच्या पत्नी ठरवत. सगळे त्यांना मोटीबेन म्हणत. त्यांची एक रीत होती: बाई कायम करण्याआधी तिचं घर पाहून यायचं. माझा निरोप आला, रविवारी पाचला. मी दोन दिवस घर घासलं. खुर्च्यांवर क्रोशाची आवरणं, टेबलावर फुलदाणी, आणि मामंजींना ताकीद, "उद्या कोट घालून बसायचं. पिशवी नको." ते म्हणाले, "बरं. पाचला ना? त्याआधी येतो."

मोटीबेन चारला आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या, शाळेच्या गोष्टी निघाल्या, आणि फाटक किंचाळलं. मामंजी. शर्टाच्या बाहीला काळा डाग, खांद्याला पिशवी, टोपी जरा तिरकी. मोटीबेननी पाहिलं आणि हसल्या. "अरे, आ तो अमारा तेलवाळा काका. अहीं पण आवे छे?"

तेवढाच वेळ होता. दोन शब्द बोलायचे होते, माझे सासरे. मी म्हणाले, "हा बेन, महिनामां एकाद वार आवे छे."

खोटं बोलले तेही गुजरातीत. मामंजींना गुजराती माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

ते फाटकातच थांबले. हात अजून कडीवर. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, कुपी काढली आणि वरच्या बिजागरीत तेल सोडलं, मग खालच्या. 'तेल थोडं, फिरवणं जास्त' हे त्यांचं कारखान्यातलं वाक्य. त्याप्रमाणे फाटक सावकाश आठ-दहा वेळा उघडलं-मिटलं. प्रत्येक वेळी आवाज थोडा कमी. शेवटी काहीच नाही. त्यांनी चिंधीने हात पुसले आणि खालच्या पायरीपर्यंत आले. रोज मला 'सूनबाई' म्हणणारा माणूस म्हणाला, "बाई, झालं. आणखी काही?"

मोटीबेन म्हणाल्या, "एमने चा तो आपो." मी चहा आणायला आत गेले. फळीवर त्यांचा नेहमीचा निळ्या काठाचा कप होता. मी कामवालीचा स्टीलचा पेला उचलला. तुम्ही म्हणाल, नाटक नीट वठावं म्हणून. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत आले.

त्यांनी पायरीवर बसून चहा घेतला. बागेतल्या नळावर पेला विसळला, कामाची माणसं ठेवतात तसा कठड्यावर पालथा घातला आणि आले तसे फाटकातून बाहेर गेले. फाटक वाजलं नाही. दिवेलागणीला परत आले तेव्हा हे घरी होते. मामंजींनी पिशवी खुंटीला लावली, मी पानं घेतली. यांना ते कधीच कळलं नसावं, कारण हे माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले.

सोमवारी मी शाळेतून आले, चप्पल काढली, पाय धुतले. गॅस बंद. मामंजी आरामखुर्चीत पेपर वाचत होते, मला पाहून दचकले. "आलीस? कळलंच नाही." लगबगीने उठून त्यांनी आधण ठेवलं. तेव्हा कुठे या बी.ए., बी.एड. बाईच्या डोक्यात उजेड पडला की आपलं फाटक चार वर्षं कोणासाठी वाजत होतं.

पंधरा दिवसांत मी कायम झाले. पेढे आणले. मामंजींनी अर्धा पेढा घेतला. "पक्की झालीस. छान झालं," म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नव्हती. असती तर माझं फार सोयीचं झालं असतं.

एका दुपारी मी चोरून बिजागऱ्या रॉकेलने घासत बसले. नख तुटेपर्यंत घासल्या. मामंजी मागे येऊन कधी उभे राहिले ते समजलं नाही. म्हणाले, "राहू दे सूनबाई. त्याला आता गप्प राहायची सवय झालीय." मग आत गेले आणि चहा ठेवला. त्यानंतर रोज चारपासून ते ओसरीवर फाटकाकडे तोंड करून बसू लागले. ऊन असो, वारा असो. मी वळणावर दिसले की उठायचे. फिरणं मात्र त्यांनी सकाळचंच ठेवलं, तेही कमी कमी करत गेले.

तिसऱ्या वर्षी ते गेले, फारसा त्रास न देता. दिघे आले तेव्हा आत येण्याआधी त्यांनी आमच्या फाटकावर तळहात ठेवला आणि ते हलवून पाहिलं. "हे गप्प कधी केलं त्यानं?" दिघ्यांनी मला विचारलं. "आपल्या घरचं नाही करायचं म्हणायचा. का केलं?" मी त्यांना सगळं सांगितलं. मोटीबेन, पेला, पायरी, सगळं. नेहमीच्या आवाजात सांगितलं, ओरडले नाही. दिघ्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे, गंज धरला असेल." कबुली द्यायला मी गावातला एकुलता एक बहिरा निवडला होता. माझ्या हुशारीबद्दल कधीच कुणाला शंका नव्हती.

मोटीबेन शाळेच्या कार्यक्रमात भेटत. दर वेळी विचारत, "तेलवाळा काका मजामां?" मी म्हणायचे, मजामां. मामंजींचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, तेव्हाही तोंडातून मजामांच निघालं. त्या म्हणाल्या, "अमारो झांपो पाछो बोले छे. काकाने मोकलजो ने." त्यांचं फाटक पुन्हा बोलायला लागलं होतं. मी म्हणाले, "मोकलीश."

पाठवायला कोण होतं? रविवारी मीच पिशवी खांद्याला लावली आणि गेले. फाटकाशी चौकीदार होता, म्हातारा, जुना. मी कुपी काढली तशी त्याने ती ओळखली, मला नाही. "ये तो काका की है. आप कौन?"

"उनकी बहू," मी म्हणाले. किती सोपं होतं. तोंडाला काही झालं नाही.

तो लगेच स्टुलावरून उठला. "अच्छा, आप हैं मास्टरनी. काका बहुत बोलते थे. 'मेरी बहू इन्हीं के स्कूल में है, बहुत पढ़ी है.' सबको बोलते थे."

सबको म्हणजे कोणाकोणाला, हे मी विचारलं नाही. बंगल्याच्या आत पंखा फिरत होता, कुणीतरी झोपाळ्यावर बसलं होतं, पडद्यामुळे कोण ते दिसत नव्हतं. त्या घराला हे कधीपासून ठाऊक होतं, त्या रविवारी मोटीबेन एक तास आधी का आल्या होत्या, आणि दर वर्षी मला तोच प्रश्न का विचारत होत्या, हे सगळं त्या पडद्यापलीकडे जाऊन विचारता आलं असतं. मी चौकीदाराला विचारलं, "बजने देना है कि चुप करना है?"

तो हसला. "काका भी यही पूछते थे. चुप कर दो."

मी वरच्या बिजागरीत तेल सोडलं, मग खालच्या. फिरवलं, पुन्हा फिरवलं. तळहात ठेवून पाहिला. मग पिशवी उचलून बाहेर पडले, आणि फाटक माझ्यामागे अजिबात न वाजता मिटलं.