लाल दोऱ्याचं गाठोडं

आंग्याल मास्तर दहावी झालेले नाहीत, हे आमच्या तारखोर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी ते परीक्षेला निघाले, छुंगला खिंडीत बर्फानं दीड दिवस अडवून ठेवलं, आणि जिल्ह्याच्या गावी, दुनैला पोचले तेव्हा पहिला पेपर सुरू होऊन तीन तास झाले होते. दारावरच्या कारकुनानं नुसतं घड्याळ दाखवलं. मास्तर आल्या पावली परत फिरले. गावात शिकवायला दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून तेच मास्तर झाले. 'तात्पुरते शिक्षक' असं त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलंय. त्या तात्पुरत्याला आता चोवीस वर्षं झाली.

शाळा म्हणजे एकच खोली. पोरांनी येताना दप्तराबरोबर याकच्या शेणाची एकेक गोवरी आणायची, नाही आणली तर शेगडीपासून लांब बसायचं, हा मास्तरांचा कायदा. तापट माणूस. मुळाक्षर चुकलं तर घर डोक्यावर घेतील, पण पोरगं दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी कुरणापर्यंत चालत जाऊन त्याला घेऊन येतील. या खोलीतून त्यांनी अकरा पोरं खाली शिकायला धाडली. अकराही मुलगे. बारावी जाणार होती यांगजोम, गावातली पहिली मुलगी.

यांगजोम सोळा वर्षांची. बोलणं कमी, पण फळ्यावर मास्तरांचं गणित चुकलं की हमखास हात वर. आठवीची जिल्ह्याची परीक्षा दिली की दुनैच्या वसतिगृहात तिला जागा मिळणार होती. पण तिच्या बापाच्या, छेवांगच्या घरी शेजारच्या खोऱ्यातून सोयरिकीच्या छांगचा, सातूच्या दारूचा घडा दोनदा येऊन गेला होता. दोन्ही घडे त्यानं ठेवून घेतले होते. तिसरा पौर्णिमेला यायचा होता, आणि तिसरा घडा घेतला की लग्न पक्कं. मग देवाचा बाप आला तरी ते मोडत नाही.

मास्तर आणि छेवांग लहानपणी एकत्र याक राखायचे. त्या मैत्रीच्या जोरावर मास्तरांनी नऊ संध्याकाळी त्याच्या चुलीपुढे ठाण मांडलं. शेवटी छेवांग कंटाळला.

"परीक्षेला बसली, तर तिसरा घडा परत पाठवीन," तो म्हणाला. "नाही बसली, तर मास्तर, या विषयावर पुन्हा माझ्या दारात पाय ठेवायचा नाहीस."

"कबूल," मास्तर म्हणाले.

पेपर रविवारी सकाळी आठला. खिंडीपलीकडे दुनै तीन दिवसांची वाट. बुधवारपर्यंत वर बर्फ पडतच होतं, तेव्हा गुरुवारी पहाटे निघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि लामाजींनी पोथी उघडून सांगितलं, गुरुवारी दक्षिणेची दिशा बंद आहे. छेवांगनं तिथल्या तिथे हात झटकले. मास्तरांच्या मस्तकात तिडीक गेली, पण त्यांनी राग गिळला आणि प्रस्थान ठेवायची वाट काढली. चांगल्या दिवशी प्रवाशाचं गाठोडं वेशीबाहेरच्या छोर्तेनच्या, म्हणजे दगडी स्तूपाच्या कोनाड्यात नेऊन ठेवायचं, की तो माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. नियम एकच. निघालेलं गाठोडं मागे आणायचं नाही, उचलायचं ते पुढेच न्यायचं.

मंगळवार चांगला होता. लामाजींनी मंतरलेला पिवळा दोरा दिला आणि सांगितलं, ज्या कामासाठी निघायचं ती वस्तू आत घाला. यांगजोमच्या आईनं सातूचं भाजलेलं पीठ बांधलं, पोरीची लोकरीची टोपी ठेवली. मास्तरांनी परीक्षेचं प्रवेशपत्र आणलं, तिचा फोटो चिकटवलेलं, आणि ते पिठाच्या पुरचुंडीखाली सरकवलं. दोन रात्रींचा तर प्रश्न होता. छोर्तेनच्या कोनाड्याला आमच्याकडे कुणी हात लावत नाही.

गुरुवारी तांबडं फुटायच्या आत तिघं वेशीबाहेर आले. मास्तर, यांगजोम आणि मागे छेवांग. कोनाडा रिकामा होता.

मास्तरांनी आत हात घालून पाहिलं. मग छोर्तेनला चक्कर मारली, बर्फ चाचपलं. हात गारठले म्हणून खिशात घातले, तर बोटाला काहीतरी लागलं. बाहेर काढून बघतात तो लामाजींचा पिवळा दोरा.

गावाचं टपाल लाल दोऱ्यानं बांधून याच कोनाड्यात ठेवायचं, हा रिवाज त्यांनीच पाडलेला. टपालवाला बलबहादूर रोकाया महिन्यातून एकदा वरच्या गावांहून उतरायचा, लाल दोरा दिसला की उचलायचा आणि चालू लागायचा. चोवीस वर्षं मास्तरांनी इथे दुसऱ्या रंगाचा दोरा बांधलाच नव्हता. मंगळवारी गाठोडं बांधताना डोकं परीक्षेत होतं आणि हातांनी सवयीनं लाल दोरा घेतला. आणि बलबहादूर काल दुपारी इथून गेला होता. त्याच्या बुटांचे ठसे सरळ खिंडीकडे निघाले होते.

"कुठाय?" छेवांगनं विचारलं.

खरं सांगावं तर हा इथूनच माघारी वळणार, हे मास्तरांना दिसत होतं.

"पुढे गेलं," ते म्हणाले. "मीच बलबहादूरला सांगितलं होतं. पोरीच्या पाठीवर तेवढंच ओझं कमी."

यांगजोमनं त्यांच्याकडे बघितलं. काल दिवसभर मास्तर तिच्याकडून भूमितीचे प्रश्न सोडवून घेत शाळेतच होते. बलबहादूर त्यांना भेटलाच नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं नजर खाली वळवली.

"परक्याच्या हातानं गेलं म्हणजे नशीब गेलं," छेवांग म्हणाला. "चला घरी."

"घरी कसं? गाठोडं पुढे आणि पोरगी मागे? जा, विचारून ये लामाजींना, हे चालतं का."

छेवांगनं रिकाम्या कोनाड्याकडे एकदा बघितलं आणि तो खिंडीकडे चालू लागला.

खिंडीच्या पलीकडे, पहिला उतार संपतो तिथे फाटा आहे. उजवीकडची वाट दुनैला जाते. डावीकडची थुंग्राच्या खोऱ्यात, आणि बलबहादूर नेहमी आधी थुंग्राला जातो, तिथून फिरून दुनैला पोचायला त्याला सहा दिवस लागतात. म्हणजे फाट्याच्या आत त्याला गाठलं नाही, तर प्रवेशपत्र पेपर झाल्यावर दुनैला पोचणार. हे मास्तरांनी यांगजोमला हळूच सांगितलं, छेवांग मागे राहिलेला बघून.

"रात्री तो खिंडीखालच्या दगडी निवाऱ्यात झोपला असणार," ती म्हणाली. "उजाडायच्या आधी बर्फ कडक असतं तेव्हाच निघाला असेल. आपण तिथे दहाला पोचू. म्हणजे पाच तास मागे." थोडं थांबून तिनं विचारलं, "सर, दोरा लाल होता ना?"

"हो."

"मला वाटलंच."

एवढंच बोलली आणि पुढे गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. चोवीस वर्षं पोरांच्या चुकांना लाल शाई लावणारा हा माणूस, आणि स्वतःची चूक सांगायला त्याची जीभ उचलत नव्हती. चढाला लागल्यावर त्यांनी एकच ठरवलं, फाट्यावर पोचलो की छेवांगला सगळं सांगून टाकायचं.

निवाऱ्यात राख होती. यांगजोमनं हात घालून बघितला, पार थंड.

तिथून पुढे बर्फ मांडीपर्यंत. बलबहादूरच्या पावलांत पाऊल टाकत तिघं चढत होते, पण वारा सुटला होता आणि ठसे भरत चालले होते. छेवांग सारखा मागे पडायचा. एकदा पट्टा सुटला म्हणून थांबला, एकदा दम लागला म्हणून, तीनदा बूट बांधायला.

"बूट आहे का तंबू, एवढा वेळ लागायला?" मास्तर ओरडले.

"घाई तुला आहे, माझ्या पायांना नाही," छेवांगनं खालून उत्तर दिलं. "वारा बघतोयस ना? अजून परत फिरता येईल."

माथ्यावर पोचेपर्यंत दुपार टळली आणि समोरचं दिसेनासं झालं. वर, खाली, सगळीकडे पांढरं. ठसे गेले. मास्तरांना आपलं एकोणिसावं वर्ष आठवलं. याच ठिकाणी दगडाला पाठ लावून बसलेला, दर थोड्या वेळानं पेपरची वेळ मनात घोकणारा पोरगा. आपण या पोरीलाही तिथेच आणून उभं केलं, असं त्यांना वाटलं, आणि ते बलबहादूरच्या नावानं मोठ्यानं हाका मारू लागले.

यांगजोम चार पावलं पुढे होती. ती दिसत होती, आणि मग नव्हती.

कड्याच्या बाजूचं बर्फ खचलं होतं. छातीपर्यंत आत गेलेली, हात पसरून धरलेले, तोंडातून आवाज नाही. मास्तर पुढे धावणार तोच छेवांगनं त्यांना बाजूला ढकललं. ज्या माणसाच्या पायांना सकाळपासून घाई नव्हती, तो पोटावर आडवा पडून सरपटत गेला, कमरेची दोरी तिच्या काखेतून घातली आणि दात-ओठ खात तिला वर ओढली. मग तिचे दोन्ही पंजे आपल्या अंगरख्यात, उघड्या छातीवर दाबून बसला.

"चल आता माघारी," तो म्हणाला.

"फाटा जवळ आहे, आपा," यांगजोम बापाला म्हणाली.

फाट्यावर पोचले तेव्हा वारा पडला होता. इथलं बर्फ उथळ, ठसे स्वच्छ दिसत होते. बलबहादूरचे मोठे बूट, शेजारी काठीची भोकं. वळलेले डावीकडे, थुंग्राच्या वाटेला.

मास्तर होते तिथेच बर्फात बसले.

"छेवांग, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "बलबहादूरला मी काही सांगितलं नव्हतं. दोरा मी बांधला. पिवळा खिशात राहिला आणि लाल बांधला. त्यानं टपाल समजून उचललं. प्रवेशपत्र त्यातच आहे. पोरीची परीक्षा माझ्या हातानं गेली. तुला काय बोलायचं ते बोल."

छेवांग यांगजोमकडे बघत होता.

ती ठशांवर वाकून सावकाश फिरत होती. गणित सोडवतानाही ती अशीच ओठ मिटून एकेक पायरी बघायची. "सर, इथे बघा," ती म्हणाली. "तो आधी उजवीकडे गेला होता. मग परत आला." आणि ती ठसे धरून दुनैच्या वाटेला दहा-पंधरा पावलं खाली गेली. तिथे वाटसरूंनी रचलेली दगडांची रास आहे. वरचा सपाट दगड तिनं दोन्ही हातांनी बाजूला केला.

खाली गाठोडं होतं. लाल दोऱ्याचं, पण गाठ वेगळी, दुहेरी.

मास्तर तिथवर कसे पोचले त्यांना कळलं नाही. यांगजोमनं दातांनी गाठ सोडली. टोपी होती, अर्धं पीठ होतं, अर्धं बलबहादूरनं मजुरी म्हणून खाल्लं होतं, आणि पिठाखाली तिचा फोटो लावलेला तो कागद, कोरडा. पत्ता सापडेना म्हणून त्यानं उघडून पाहिलं असणार. टोपी आणि पीठ बघून हे प्रस्थानाचं गाठोडं, आणि कागद वाचून ते दुनैला निघालेलं, हे त्याच्या ध्यानात आलं असणार. त्याच्या गावीही हीच रीत. मागे तर न्यायचं नाही, म्हणून खिंड ओलांडून त्यानं ते ज्या दिशेला जायचं होतं त्याच वाटेवर आणून ठेवलं होतं. मास्तरांनी कागद हातात घेतला, आणि त्यांना रडू आवरेना. त्यांनी ते लपवलंही नाही.

"मी पाहिला होता," छेवांग म्हणाला.

"काय?"

"लाल दोरा. मंगळवारी संध्याकाळी याक आणायला गेलो तेव्हा. बलबहादूर उद्या येतोय, हेही माहीत होतं." तो मास्तरांशी बोलत होता, पण मान पोरीकडून वळवत नव्हता. "सोडून दुसरा बांधायला किती वेळ लागला असता? मी नाही बांधला. म्हटलं, जातंय तर जाऊ दे. पोरगी घरातच राहील."

दिवसभर ज्याच्यापुढे मास्तर अपराधी म्हणून चालले, तो हा माणूस.

"का रे?" मास्तरांनी विचारलं.

"अकरा पोरं धाडलीस तू खाली," छेवांग म्हणाला. "शहाणी झाली, साहेब झाली, मला कौतुक आहे. पण त्यांतलं परत कोण आलं, मास्तर? एकाचं नाव सांग."

अकराही नावं मास्तरांना तोंडपाठ होती, पटावरच्या क्रमानं. सांगण्यासारखं त्यांत एकही नव्हतं.

यांगजोमनं दोघांचं बोलणं ऐकून घेतलं. तिनं टोपी घातली. प्रवेशपत्र घडी करून आतल्या कपड्यात ठेवलं, उरलेलं पीठ तिघांत वाटलं, बापाच्या तळव्यावर जरा जास्त घातलं. खाताना तो तिच्याकडे बघत नव्हता. ती मात्र बघत होती.

तिनं पाठीवर पडशी चढवली आणि मास्तरांच्या खिशातून लोंबणारा पिवळा दोरा ओढून काढला. तो तिनं आपल्या मनगटाभोवती गुंडाळला आणि गाठ मारून घ्यायला हात बापापुढे केला. छेवांगच्या हातून दोनदा गाठ सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"आपा, आता तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "पुढच्या उतारावर बर्फ पुन्हा खोल असेल. वाट तुम्ही फोडा."

छेवांग पुढे झाला. अंधार पडेपर्यंत तो बूट बांधायला एकदाही थांबला नाही.