छातीवरचा हात

माझ्या थोरल्या बहिणीला, ओझेलाला, हल्ली लोक ‘सोशिक’ म्हणतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आठवडाभर ती गोऱ्यांची धुणी धुवायची. पण रविवारी पांढरे हातमोजे घालून आमच्या चर्चच्या दारात उभी राहिली की पाद्रीबाबांचंही तिच्यापुढे काही चालत नसे. कोणी कुठे बसायचं, ते ती अवाक्षर न काढता हातानेच सांगायची. तळहात छातीवर गेला की प्रार्थना सुरू. मग छप्पर कोसळलं तरी जागचं हलायचं नाही.

एकोणीसशे चौसष्ट साली अमेरिकेत, अलाबामातल्या आमच्या कचेरीत आम्हा काळ्यांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर महिन्यातले दोनच दिवस. रांगेत कोणी बोललं तर अटक, रांग मोडली तर सगळ्यांना हाकलणार, असा शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, हुकूम. गुरांना तरी हंबरू देतात! ओझेलाने हातमोजे चढवले आणि चाळीस माणसांची रांग नुसत्या खुणांनी चालवली. पुढे सरका. थांबा. त्या मागच्या म्हातारीला सावलीत घ्या.

ते शेरीफच्या शिपायाला झोंबलं.

“ए पोरी, कसले हातवारे चाललेत? हात खाली!”

बावन्न वर्षांच्या बाईला पोरी! ओझेलाने म्हातारीला पुढे यायची खूण केली, आणि दंडुका तिच्या उजव्या हातावर बसला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी तिच्यामागे तिसरा होतो. माझी मूठ वळली. शिपाई त्याचीच वाट बघत होता. माझा एक ठोसा पडला की चाळीस जणांची नोंदणी बुडाली.

ओझेलाने डावा तळहात छातीवर ठेवला.

मी थांबलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला शिपायापेक्षा तिचाच राग आला.

दुपारी ती टेबलापर्यंत पोचली. “अर्ज स्वतःच्या हाताने भरायचा,” कारकून म्हणाला. तिने डाव्या हाताने भरला. तासभर लागला. त्याने तो वाचलासुद्धा नाही.

“अक्षर खराब. नापास.”

माझी पाळी यायच्या आत त्यांनी कचेरीला कुलूप ठोकलं.

घरी मी तिच्या सुजलेल्या हातावरचा हातमोजा कात्रीने कापत होतो. “ताई, तुला राग कसा गं येत नाही?”

“येत नाही? कोणी सांगितलं तुला?” ती कडाडली. “तो दंडुका हिसकावून त्याच मेल्याच्या टाळक्यात हाणावासा वाटत होता! छातीवर हात काय तुझ्यासाठी ठेवला होता, शहाण्या? माझ्यासाठी होता तो. आता रडत बसू नकोस, पेन्सिल आण.”

त्या रात्रीपासून ती डाव्या हाताने अक्षर गिरवायला लागली. सहाव्या खेपेला तिचं नाव मतदारयादीत लागलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र मरेपर्यंत मिटली नाहीत.

सोशिक म्हणे!