पन्नास अधिक एक टॉवेल

वेबसाइटी दुरुस्त करणं हा माझा धंदा. पण त्या दिवशी अक्कांनी फोनवर जे काम सांगितलं, तसं काम त्याआधी मला कुणी दिलेलं नव्हतं.

"भाऊ, आत्ताच्या आत्ता या. वेबसाइट बिघडलीय. आणि जावयांसमोर ती बिघडलीय असं बोलायचं नाही."

अक्कांचा टॉवेलचा कारखाना आहे. खाली माग, वर घर. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मागावरच्या कामगारांवर ओरडताना दोन्ही. वेबसाइट त्यांच्या जावयांनी बनवून दिलेली. जावई पुण्यात कॉम्प्युटरमधले. त्यांनी एक पैसा घेतला नव्हता, आणि खरी अडचण तिथंच होती. पैसे देऊन करून घेतलेल्या कामाला नावं ठेवता येतात. जावयानं फुकट केलेल्या कामाला ठेवली तर लेकीच्या सासरी जाऊन पोचतात.

मी पोचलो तेव्हा सगळे माग चालू, एक बंद. बंद मागावर पांढरा टॉवेल, त्याच्या काठावर लाल सुतात विणलेली नवरा-नवरीची नावं. लग्नाच्या आहेरात द्यायला असे टॉवेल आमच्याकडे मुद्दाम विणून घेतात. ही ऑर्डर मैंदर्गी गावची होती. वेबसाइटनं अक्कांना आकडा दाखवला पाचशे एक. अक्कांना वाटलं, पार्टी मोठी दिसतेय. माग सुरू झाला. पोचवायचे कधी हे विचारायला त्यांनी सकाळी वधूपित्याला फोन केला, तर तो ओरडला, "पाचशे? अवो, एकावन्न सांगितल्यात की! सगळ्या मैंदर्गीला आंगोळ घालायची हाय काय?"

तोवर मागावरून शंभराच्या वर टॉवेल उतरले होते. दुसऱ्यांच्या नवरा-नवरीची नावं असलेला टॉवेल बाजारात कोण घेणार?

"हे गेलं ते गेलं," अक्का म्हणाल्या. "पण लग्नाच्या ऑर्डरी आत्ता सुरू होणार. प्रत्येकात असं झालं तर मी काय करू? आणि जावयांना सांगितलं आणि त्यांना लागलं तर? पोरगी तिथं नांदतेय, भाऊ."

मी ऑर्डरीच्या तळाशी, अक्का कधी बघत नाहीत तिथं, मैंदर्गीचा मूळ मेसेज बघितला. 'किती नग' या चौकटीत वधूपित्यानं लिहिलं होतं, '50+1 नग'. मला टाळी वाजवावीशी वाटली! आहेराचा आकडा शून्यावर संपू नये म्हणून आपण वर एक चढवतो, आणि पुष्कळ लोक तो तसाच फोडून लिहितात. ते 'अधिक' त्यांच्या दृष्टीनं आकड्याचाच भाग असतं. पीएचपी, म्हणजे वेबसाइटच्या मागे सर्व्हरवर चालणारी भाषा, तिला ही रीत कुणी सांगितली नव्हती.

पण दुरुस्त करायला सर्व्हरचा पासवर्ड हवा, आणि तो फक्त जावयांकडे. जावई वर, ताटावर. दोन दिवसांसाठी सासुरवाडीला आलेले.

मी जिना चढलो तो चेहऱ्यावर शिष्याचा भाव चढवूनच. नाटकाची हौस मला पहिल्यापासून आहे, फक्त संधी कमी मिळते.

"जावईबापू, तुमचं काम बघायला आलोय. चौकटीतल्या मजकुरातून तुम्ही नुसता आकडा कसा काढता हो?"

जावई खुलले. हात धुऊन त्यांनी लॅपटॉप उघडला. "सोपं आहे. लोक 'नग' लिहितात, 'पाहिजेत' लिहितात, काहीही लिहितात. मी preg_replace वापरलंय. अंक नसेल ते प्रत्येक अक्षर पुसून टाकायचं. उरतो तो आकडा."

"वा! म्हणजे 'साठ' असं अक्षरात लिहिलं तर?"

"तर काहीच उरत नाही, मग वेबसाइट परत विचारते."

"आणि समजा, नुसतं समजा, कुणी पन्नास अधिक एक असं लिहिलं?"

दारात अक्का आमटीचं भांडं धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ती आमटी माझ्या डोक्यावर येणार अशी माझी खात्री झाली.

जावयांनी टाइप केलं. पडद्यावर आलं, 501.

अधिकची खूण पुसली गेली होती, आणि पन्नास नि एक एकमेकांना चिकटले होते. जावई पडद्याकडे बघत राहिले. मग उघड्या दारातून जिन्याखालच्या बंद मागाकडे. मग सासूबाईंकडे.

"आई, किती विणले?"

"तुमी जेवून घ्या आधी."

"किती विणले?"

अक्कांनी सांगितलं. जावयांचे कान लाल झाले. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो, कारण आता शिष्याचं सोंग पुरे होतं. पुसण्याऐवजी आकडे वेगवेगळे वेचायचे ठरलं. त्यासाठी preg_match_all आहे, ते प्रत्येक आकडा सुटा काढून देतं. जावई म्हणाले, मग सगळ्यांची बेरीज करू. मी म्हटलं, थांबा, कुणी '51 नग, 12 तारखेच्या आत' लिहिलं तर तारीखही टॉवेलात मोजाल. शेवटी असं केलं: दोन आकड्यांमध्ये अधिकची खूण असेल तरच बेरीज, आणि दुसरा कुठलाही जास्तीचा आकडा दिसला तर ऑर्डर अडवून गिऱ्हाइकाला फोन. पुन्हा टाइप केलं. एकावन्न आले.

जावयांनी लॅपटॉप मिटला. मैंदर्गीकरांना स्वतः फोन लावून माफी मागितली. वधूपित्यानं जास्तीच्यातले वीस टॉवेल घेतो म्हणून सांगितलं, पाहुणे वाढतातच म्हणाला. उरलेले माझ्या खर्चात धरा, असं जावई म्हणाले. अक्का नाही-नाही म्हणत होत्या, तेव्हा ते वैतागले.

"आई, पैशाचं सोडा. सकाळपासून तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला आमटी वाढत होता? माझ्या कामात चूक दिसली तर तोंडावर सांगायचं. कारखान्यातल्या माणसाला सांगता तसं."

"खरंच सांगू?"

"खरंच."

अक्कांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, पदर खोचला.

"मग ते पहिल्या पानावरचे फोटो आधी काढा. माझा लाल टॉवेल तिथं मिरचीच्या पोत्यासारखा दिसतोय. आणि वर ते काय सारखं फिरतंय, डोकं गरगरतं माणसाचं. आणि माझा फोन नंबर एवढा बारीक कशाला? गिऱ्हाइकानं भिंग घेऊन बसायचं?"

जावयांनी लॅपटॉप परत उघडला.