कर्नल काकांच्या पेटीचं झाकण आणि न चिकटणारं सागवान

अंगठ्याने निघालं. हातोडी नाही, पटाशी नाही, फक्त अंगठा. टक्!

एका हातात सागवानाचा तुकडा, दुसऱ्या हातात निळ्या रेझिनची वडी. मधली बाजू आरशासारखी गुळगुळीत. म्हणजे रेझिन लाकडाला चिकटलंच नव्हतं, नुसतं शेजारी बसलं होतं.

"हो गया टेबल," पाजी म्हणाले. "अब खाना ज़मीन पे खाएँगे कर्नल साब."

पाजी म्हणजे गुरनाम पाजी, आमचे मिस्त्री. चाळीस वर्षं लाकूडकाम केलंय. मी नाशिकची, इथे चंदीगडला आर्किटेक्चर शिकायला आले आणि राहिलेच. इंडस्ट्रियल एरियात आमचं छोटं वर्कशॉप आहे. रेझिन टेबल करतो आम्ही. म्हणजे दोन बाजूंना लाकडाच्या जाड फळ्या, मध्ये जागा सोडायची आणि तिथे रेझिन ओतायचं. रेझिन ओततो तेव्हा पाकासारखं असतं, दोन-तीन दिवसांत दगड होतं. दिसायला एकदम भारी. पण सगळा खेळ एकाच गोष्टीवर: ते लाकडाला धरून बसलं पाहिजे. नाही बसलं तर सहा महिन्यांत फट पडते आणि फटीत वरण जातं.

आता हे टेबल कोणाचं? कर्नल काका आणि काकू, साताऱ्याचे. काका रिटायर झाले आणि चंदीगडला लागूनच पंचकुल्यात घर बांधलं. पहिल्या भेटीतच काकू म्हणाल्या, "अगं, पस्तीस वर्षं आम्ही सरकारी टेबलावर जेवलो. प्रत्येक क्वार्टरमध्ये तसलंच. पायाला पांढऱ्या रंगात नंबर. जाताना मोजून परत द्यायचं. आता मला माझं टेबल पाहिजे."

आणि मग काकांनी गाडीतून एक झाकण काढलं.

फौजी लोकांच्या सामानाच्या लाकडी पेट्या असतात ना, काळ्या रंगाच्या, तसल्या पेटीचं. पहिल्या पोस्टिंगला काकांच्या वडिलांनी सागवानाची करून दिलेली. दर बदलीला त्याच झाकणावर नवीन स्टेशन लिहायचं, जुन्यावर रेघ मारायची. आठ गावं होती त्यावर. कॅप्टनवर रेघ, वर मेजर. मेजरवर रेघ, वर पुढचं. सगळं काकांच्या हातचं, पांढऱ्या रंगात. बाकीच्या पेट्या मोडल्या, विकल्या. हे एकच झाकण उरलं होतं.

"हे टेबलाच्या मधोमध," काकू म्हणाल्या. "वरून तुझं ते काचेसारखं. आणि बाजूच्या फळ्या सागवानाच्याच हं! दुसरं काही नको."

मी काय म्हणायला हवं होतं? टेस्ट करून सांगते. मी काय म्हणाले? "काकू, सागवानाला तोडच नाही!"

नाशिकच्या घरातलं प्रत्येक दार, प्रत्येक पाट सागवानाचा. आपल्याकडे चांगलं लाकूड म्हणजे सागवान, विषय संपला. मला प्रश्नच पडला नाही. टिंबर मार्केटमधून दोन फळ्या आणून टाकल्या. वास्तुशांतीला बारा दिवस होते. आणि आता हातात ती निळी वडी.

सागवानाचा प्रॉब्लेम काय, तर तेल. त्याच्या अंगातच तेल असतं, म्हणून वाळवी लागत नाही, पावसात टिकतं. पण तेच तेल रेझिनला आत शिरू देत नाही. त्यावर उपाय आहेत. पण आमची दुसरी गडबड होती. मॉइश्चर मीटर नावाचं यंत्र असतं, त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आत ओल किती ते कळतं. बारा टक्क्यांपर्यंत चालतं. फळ्यांवर वरून दहा आलं होतं, मी खूश. पाजींनी टोकाचा तुकडा कापून आत मीटर लावला. एकोणीस.

"ये गीली है मॅडम जी. सूखेगी तो सिकुड़ेगी. रेझिन थोड़ी सिकुड़ेगा साथ में."

"मग काय करू?"

"टाहली ले. मैं तो पहले दिन से बोल रहा था."

बोलले होते, खरंय. टाहली म्हणजे शिसम. पंजाबात रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर हेच झाड. घट्ट, जड, तेल कमी, रंग चॉकलेटी. पाजींच्या ओळखीच्या, लाकूड कापणाऱ्या आरा मशीनवाल्याकडे मागच्या शेडमध्ये पाच वर्षं वाळत पडलेल्या फळ्या होत्या. कापून आत मीटर लावला. दहा! मी तिथेच उडी मारली. कडेचा पांढरा भाग तेवढा काढायचा, कारण त्याला कीड लागते. आतलं लाकूड लोखंड.

आंबा का नाही, अक्रोड का नाही, असं लोक मला विचारतात. आंबा मऊ, गरम भांडं आदळलं की खड्डा. अक्रोड सुंदर, पण आम्हाला हव्या त्या रुंदीचा, वाळलेला, आठवड्यात कुठे मिळणार? शिसमच.

आता काकूंना सांगायचं होतं. मी दोन सँपल केले, एक सागवान-रेझिन, एक शिसम-रेझिन, आणि दोघांना वर्कशॉपवर बोलावलं.

"काकू, अंगठ्याने दाबा."

काकूंनी सागवानाचा दाबला. टक्. त्यांचा चेहरा पडला. शिसमचा दाबला. काही नाही. काकांनी घेतला, स्क्रूड्रायव्हर घातला. काही नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "परमिशन?" आणि सरळ फरशीवर आपटला. तुकडे झाले. पण लाकूड तुटलं होतं, जोड नाही. रेझिनला शिसमचा थर तसाच चिकटलेला.

"पक्कं," काका म्हणाले. "हेच घ्या."

मला इतकं हलकं वाटलं ना! आणि तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पण अगं, झाकण तर सागवानाचंच आहे. ते कसं चिकटणार?"

पाजी माझ्याकडे बघायला लागले. मी झाकणाकडे. खरंच सांगते, हा विचार मी केलाच नव्हता. फळ्यांच्या नादात झाकण विसरले होते. आणि फळी दुसरी आणता येते, झाकण नाही.

पण गप्प बसले तर मी कसली? "सोपं आहे काकू! ॲसिटोनने पुसायचं, वरचं तेल निघून जातं, मग लगेच रेझिन." आणि दाखवायला म्हणून कापड ॲसिटोनमध्ये बुडवून झाकणाच्या कोपऱ्यावर फिरवलं.

"हा वास..." काकू म्हणाल्या, "नेलपॉलिश काढायचा आहे का गं?"

हो. तोच. नेलपॉलिश म्हणजे रंग. झाकणावर काय होतं? रंग.

कापड उचललं. कापडावर पांढरा डाग. झाकणावर शेवटच्या गावाची शेवटची तीन अक्षरं गायब.

पाजींनी हळूच ॲसिटोनचा डबा माझ्यापासून लांब सरकवला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

काकूंनी चष्मा लावून वाकून पाहिलं. मग काकांना म्हणाल्या, "अहो, गेलं ते गेलं. तिथे सात महिने क्वार्टर नव्हतं मिळालं आपल्याला. एका खोलीत दोन पोरं आणि चौदा पेट्या."

काका म्हणाले, "मेस चांगली होती."

"तुमच्यासाठी!"

आणि दोघं हसायला लागले. पण काकू जाताना दारात थांबल्या. "बाकीची सात मात्र राहू देत हं बाळा." हसत म्हणाल्या, पण झाकणावरून हात फिरवत म्हणाल्या.

मग आम्ही जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. पाजींनी झाकणाच्या मागची आडवी पट्टी काढली. तेच सागवान, तोच काळा रंग, तेवढंच जुनं. तिच्यावर मी पांढऱ्या रंगात माझं नाव लिहिलं आणि वाळू दिलं. लाखेचं पॉलिश असतं ना, मेण काढलेलं, ते तेलकट लाकडालाही धरतं आणि त्यावर रेझिनही धरतं. त्याचे दोन पातळ हात दिले. नाव हललं नाही. वरून रेझिन. दोन दिवस थांबलो. अंगठा: नाही. स्क्रूड्रायव्हर: नाही. पाजींनी पट्टी उचलून काकांसारखीच आपटली. रेझिन तसंच, नाव तसंच. फक्त फरशीचा टवका उडाला.

मग झाकण. वरून लाखेचे दोन हात. खालून पाजींनी खाचा पाडल्या, म्हणजे रेझिन आत जाऊन अडकेल. लाकूड रेझिनवर तरंगतं, म्हणून खालून स्क्रूने पक्कं बसवलं. शिसमच्या फळ्या साच्यात क्लॅम्प केल्या. रेझिन थर थर करून ओतलं, एकदम ओतलं तर तापतं आणि तडकतं. रंगही घातला नाही, अक्षरं दिसायला पाहिजेत म्हणून. बुडबुडे हीट गनने फोडत मी सकाळभर त्यावर ओणवी. तीन दिवस मी त्या साच्याला हातही लावला नाही. पाजींनी लावू दिला नाही.

साचा उघडला तेव्हा मी डोळे मिटले होते.

"देख ले," पाजी म्हणाले. "कुछ नहीं हुआ."

पाजींच्या तोंडून 'काही झालं नाही' म्हणजे मेडल. सगळी सात गावं, सगळे रँक, सगळ्या रेघा, काचेखाली असल्यासारख्या. कुठे फट नाही, कुठे पांढुरका डाग नाही. मी पाजींना मिठी मारली, त्यांनी मला आधी हात धुवायला सांगितले.

वास्तुशांतीला टेबल घरात न्यायला सहा माणसं लागली. शिसम आहे, हलकं कसं असेल! पूजा झाली, पानं मांडली, लोक वाकून वाकून गावांची नावं वाचत होते. एका पाहुण्यांनी विचारलंच, "हे शेवटचं अर्धवट का?" काकू म्हणाल्या, "क्वार्टरही तिथे अर्ध्याच टर्मला मिळालं होतं." आणि मला आणखी एक पुरी वाढली.

जेवण झाल्यावर बघते तर कर्नल काका टेबलाखाली वाकलेले. पायाच्या आतल्या बाजूला हात फिरवत होते.

"काय शोधताय?" काकूंनी विचारलं.

"नंबर," काका म्हणाले. "सवय." मग गुडघे धरून उठले. "नाहीये."

"नसणारच," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या वाटीत बासुंदी ओतली.

तर टेबल टिकलं, मीही टिकले. शिकले ते एवढंच की लाकूड माहेरचं आहे म्हणून निवडायचं नाही, कापून मीटर लावून निवडायचं. आणि जे एकच आहे त्यावर पहिला प्रयोग करायचा नाही. ॲसिटोनच्या डब्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: 'रंग काढतं.' खाली पाजींनी गुरुमुखीत काहीतरी लिहिलंय. परवा शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरकडून वाचून घेतलं.

'मॅडमला माहीत नव्हतं.'