तीन ठिपके

गाड्यांच्या अड्ड्यावर तिला सगळेच वहिनी म्हणायचे, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे ड्रायव्हरसुद्धा. नवऱ्याचं हायड्रॉलिक पाइपचं दुकान होतं. लोडर, क्रेन, डंपर ज्याच्या जोरावर टनाटनाचं ओझं उचलतात ते तेल जाड रबरी पाइपांतून धावतं; ते पाइप मापाने कापायचे, टोकांना फिटिंग बसवून मशीनमध्ये दाबायचे, असं काम. नवरा गेला तेव्हा लोकांनी दुकान बंद झालं असंच धरलं. महिन्याभरात वहिनीनं शटर उघडलं. त्याची नजर अधू झाल्यापासून मापं तीच तर घेत होती.

तिचा एक हट्ट होता. फाटलेल्या पाइपला ती तुकडा जोडून द्यायची नाही. "सायकलची ट्यूब आहे का ठिगळ लावायला?" नवा पाइप, नवं फिटिंग, ते आत किती गेलं याची खडूची रेघ, दाबल्यावर पुन्हा माप, मग प्रेशर लावून चाचणी. सगळं मनासारखं झालं की टोकाच्या लोखंडी टोपणावर पंचने तीन ठिपके ठोकायची.

"वहिनी, पाइप करताय का दागिना घडवताय?" ड्रायव्हर वैतागायचे.

"दागिना तुटला तर हात जात नाही," ती म्हणायची.

दुकानात दुसरा माणूस म्हणजे धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सहावीत होता. त्याची गणितं तिनं घेतली, टायफॉइडमध्ये रात्रंदिवस उशाशी बसली, पुढे मशीनही तिनंच शिकवलं. दुपारी ती सासूचं जेवण-औषध बघायला घरी जायची, तेवढा वेळ दुकान त्याच्या हाती.

एके दिवशी सकाळी लोडरवाला मामा काखेत पाइप मारून आला.

"वहिनी, तुमचा पाइप रडतोय हो. चार महिनेही नाही झाले."

"बोटाला काय झालं?"

"काही नाही. तेल कुठून येतंय बघायला हात फिरवला, तर सुई टोचल्यासारखं झालं. रक्तसुद्धा नाही."

डाव्या हाताच्या बोटावर मुंगी चावल्याएवढा ठिपका होता. पण बोट पांढरं पडलं होतं, टम्म आणि थंडगार.

"कधी?"

"सातच्या सुमारास."

साडेआठ वाजले होते. वहिनीनं मशीन बंद केलं. "उठा."

"अहो, पाइप तर बघा—"

"पाइप गेला खड्ड्यात. मामा, तेल आत शिरलंय. बोट आत्ताच्या आत्ता उघडायला हवं."

दवाखान्यातला तरुण डॉक्टर ठिपका बघून हसला. "एवढ्याशा जखमेला ऑपरेशन?"

"ही जखम सुईची नाही. गाडीचं बकेट उचलणारा दाब या भोकातून आत गेलाय. मोठ्या डॉक्टरांना बोलवा. ते येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

मोठे डॉक्टर आले, त्यांनी बोट पाहिलं आणि कुणाशी न बोलता ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. तळहातापर्यंत चिरून तेल धुऊन काढावं लागलं. बोट वाचलं, वाकणार मात्र नाही म्हणाले.

दुकानात परतून तिनं तो पाइप शिकंज्यात धरला. टोपणावर तीन ठिपके होते. चूक आपलीच, आपण कुठे चुकलो? मग तिनं टोपण करवतीनं कापलं. त्यावर दाबल्याच्या खुणा दोनदा उमटल्या होत्या, एकीवर एक. फिटिंग जुनं, आत बोटभर कमी गेलेलं, पाइपातली तारेची जाळी गंजून तुटलेली. ठिपके मात्र हुबेहूब. तिच्याच पंचचे.

"हे कुणी केलं?"

दिरानं पाइपकडे पाहिलं. "दुपारी गिऱ्हाईक थांबत नाही, वहिनी. जुनी फिटिंगं चांगली होती. किती जणांना परत पाठवायचं?"

"आणि ठिपके?"

"ठिपके नसते तर कुणी नेलाच नसता."

वहिनी स्टुलावर बसली.

"इतके दिवस कुणाला काही झालं का?" तो पुढे म्हणाला.

"इतके दिवस म्हणजे किती?"

तो हात पुसत मशीनकडे वळला.

संध्याकाळी ती मामाला बघायला गेली, तर त्याच्या बायकोनं तिला दारातच अडवलं. "तुमच्या दिराचा फोन आला होता. भाऊ गेल्यापासून वहिनींचं लक्ष ठिकाणावर नसतं म्हणाला. मग कशाला करता हो असली कामं?"

वहिनीला वाटलं, कुणीतरी भर रस्त्यात थोबाडीत मारली. खूण चोरली होती ती चोरली, आता तिचं दुःखही त्यानं स्वतःच्या बचावाला वापरलं.

"पाइप मी केला नाही," ती म्हणाली. "पण खूण माझी आहे. बाकीचे मी शोधून काढते."

नऊ दिवस ती पाना आणि करवत घेऊन कामाकामावर फिरली. बकेट जमिनीवर टेकवायला लावायची, इंजिन बंद, लिव्हर हलवून उरलेलं प्रेशर सोडवायची, मगच पाइप उघडायची. दुहेरी खुणांचे असे चौदा पाइप निघाले. एक मालक खेकसला, "तुमच्या घरचं भांडण माझ्या गाडीवर कशाला?" ती काम संपवूनच निघाली.

घरी सासू म्हणाली, "लेकरू आहे, चुकलं. तू मोठी आहेस, पोटात घाल."

"आई, चुकला असता तर घातलं असतं. रोज दुपारी मी तुम्हाला गोळ्या द्यायला यायचे आणि तो माझा पंच उचलायचा. याला चूक कसं म्हणू?"

दीर वेगळा झाला. त्याच रस्त्यावर त्यानं दुकान टाकलं. तिथे पाव तासात पाइप मिळतो, त्यामुळे गर्दी असते. रांगेत वहिनीचे जुने ड्रायव्हरही दिसतात. त्यांना सगळं ठाऊक आहे.

सहा महिन्यांनी सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा एका दुपारी तो भेटायला आला. वहिनीनं दार उघडलं, पाणी दिलं आणि ती आत जाऊन भांडी लावत बसली. निघताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळला.

"वहिनी, बोलणारच नाहीस का?"

तिनं त्याचा पेला उचलून विसळला.

"आईंना भेटायला सकाळी येत जा," ती म्हणाली. "सकाळी मी दुकानात असते."