आक्काची सही

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापुरातल्या माझ्या दुकानात कोऱ्या जर्नलांचे गठ्ठे सोडत होतो. फोन तिच्या भावजयीचा, मंगलचा. “दादा, आक्का गेल्या,” ती म्हणाली, आणि मी मूर्खासारखं विचारलं, “कुठं?”

सांगवीला तिच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो श्रद्धांजली वाहायला उठेल तो सांगत होता, आक्का मायाळू होती, तिनं कुणाचं मन मोडलं नाही... मी खुर्चीत चुळबुळत होतो. मोडायची हो. माझ्या मनाचा तर तिनं पार भुगा केला होता, आणि ते कुणी पुसून टाकलेलं मला चालणार नाही.

माझी ही चुलत बहीण बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, कम्युनिकेशनच्या लॅबमध्ये सहायक होती. जर्नलवर आधी तिची सही, मग सरांची. माझा रोहित तिथंच शिकायला. त्याचा एक प्रयोग असा, की लाटेवरचे ठरावीक अंतरानं ठिपके टिपायचे आणि तेवढ्या ठिपक्यांवरून लाट परत उभी करायची. रोहितनं सगळ्या आकृत्या मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवल्या. सल्ला माझा. वह्या विकता विकता मला इंजिनिअरिंग कळायला लागलं होतं.

आक्कानं सही नाकारली. मी पेढे घेऊन लॅबमध्ये गेलो.

“आक्के, भाचा हाय तुजा. कर की सही.”

“बस हितं,” ती म्हणाली. “औंदा एका लाटंतनं एकच ठिपका घ्यायला दिलाय, दर बारी त्याच उंचीवरचा. ठिपके जोडल्यावर काय हुईल?”

“रेघ.”

“आडवी रेघ. स्क्रीनवर बी तीच येती. मग तुज्या लेकानं लाट कुठनं आणली?”

“मागच्या वर्षीच्या जर्नलातनं,” मी बोलून गेलो.

ती हसली नाही. “उद्या शेवटचा दिस हाय. येऊन परत प्रयोग कर म्हणावं, मी थांबते.” पेढे मात्र तिनं ठेवून घेतले.

रोहित जायला तयार होता. मीच अडवलं. “बघू, कशी सही करत न्हाय ती.” तिनं नाही केली. लॅब बंद व्हायची वेळ टळून गेली तरी ती वाट बघत बसली होती म्हणे. पोराचं सत्र गेलं, आणि वर्षभर मी तिच्याशी बोललो नाही. चूक माझी, फुगलोही मीच. पुढच्या वर्षी रोहितनं स्वतः प्रयोग केला, आडवी रेघ काढली, आणि आक्कानं बघताक्षणी सही केली. घरी येऊन तो मला एवढंच म्हणाला, “आत्याचं बरोबर होतं, पप्पा.”

कार्यक्रम आटोपल्यावर मंगल मला आक्काच्या खोलीत घेऊन गेली. उशाशी शुगरची वही होती, आजारपणात मंगलच आकडे लिहायची. एका पानावर आकडा खोडून शेजारी दुसरा, मोठा लिहिलेला.

“त्यांना बरं वाटावं म्हणून मी कमी लिवला हुता,” मंगल म्हणाली. “त्यांनी मशीन मागून घेतलं, बघितलं, आन् मला खोडाय लावलं.”

त्यानंतरचे आकडे चढतच गेलेत. एकही खोडलेला नाही. प्रत्येकापुढं आक्काची सही आहे... शेवटच्या ओळीतली थरथरून रेषेखाली उतरली आहे, पण पूर्ण आहे.